भावोजींचा खोकला

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून खरं खरं लिहायचं. पुढेमागे दुकानाचं नाव झालं, कुणी मुलाखत घ्यायला आलं आणि "सुरुवात कशी झाली हो?" म्हणून विचारलं, तर डोकं खाजवत बसायला नको. शिवाय घरात खरं बोलायला माणूस कुठे आहे? ह्यांना काही सांगावं तर वर्तमानपत्राच्या मागून नुसतं "हं" येतं.

तर खरं हे, की दुकान चालत नाही. सेंद्रिय कापसाची झबली, टोपडी, दुपटी, लंगोट. सगळं तान्ह्या बाळांचं, सगळं बिनविषारी. पाच महिने झाले. बायका येतात, हात फिरवतात, "मऊ आहे हं!" म्हणतात आणि समोरच्या दुकानात जाऊन साध्या कापसाचं घेतात. आज एकीने झबलं गालाला लावून बघितलं आणि म्हणाली, "समोरचंही असंच लागतं." मी म्हटलं, "अहो, त्या कापसावर विषाच्या फवारण्या होतात! एका हंगामात दहा-दहा, बारा-बारा!" तर म्हणे, "पण दिसत तर नाही कुठे." आता ह्या बाईला काय दाखवू? विष दिसलं असतं तर समोरचा आपोआपच बसला असता ना घरी.

जेवताना हे म्हणाले, "तू तुझ्या कपड्यांत काय नाही ते सांगत बसतेस. लोक काय आहे ते विकत घेतात." बोलायला काय जातं ह्यांचं!

६ फेब्रुवारी

आज अचानक वाट सापडली. नीट लिहून ठेवते.

आमच्या मागच्या खोलीत गेल्या वर्षापासून ताई आणि भावोजी राहतात. ताई माझी सख्खी मोठी बहीण. भावोजींनी बावीस वर्षं दुसऱ्यांच्या शेतांत कापसावर फवारणी केली. पाठीवर पंप, हातात नळी. आता छाती पार गेली आहे. कोपऱ्यापर्यंत चाललं तरी भिंत धरून उभे राहतात. मी त्यांना खोली दिली, दोन्ही वेळचं जेवण दिलं, आणि कधी म्हणजे कधी बोलून दाखवलं नाही. ताई स्वयंपाक करते, दुकानातल्या घड्या घालते, धुणं बघते. तिलाही तेवढाच विरंगुळा.

आज खोलीला रंग देत होते. रंगाच्या वासाने भावोजींना त्रास होतो म्हणून ताईने त्यांना दुकानात आणून बसवलं. मला ते आवडलं नव्हतं, दुकानात आजारी माणूस कसा दिसतो! तेवढ्यात एक गरोदर बाई आली. ती "मऊ आहे हं" म्हणणार, इतक्यात भावोजींना उबळ आली. आली ती थांबेचना. बाई घाबरली. म्हणाली, "काका, काय होतंय?" भावोजी धाप टाकत म्हणाले, "काही नाही पोरी. कापूस फवारायचो."

बाई फळीकडे वळली. मग सहा झबली, चार दुपटी. किंमत विचारलीसुद्धा नाही.

मी भावोजींकडे बघितलं. पाच महिने मी विष दाखवायला शोधत होते, आणि ते मागच्या खोलीत दोन वेळ जेवत होतं!

८ फेब्रुवारी

भावोजींशी बोलले. आधी नको नको म्हणत होते. "अगं छोटी, मी काय बोलणार लोकांपुढे?" मी म्हटलं, "बसून तर असता दिवसभर. इथे बसा. चार माणसं भेटतील, जीव रमेल." मग तयार झाले. स्वभावाने गरीब आहेत.

त्यांना काय बोलायचं ते समजावलं, पण त्यांचं भलतंच सुरू झालं. "एक सांगू का छोटी? त्या दुसऱ्या कापडाने बाळाला तसं काही होत नाही. कापड हाती येईपर्यंत धुऊन धुऊन त्यातलं जायचं ते गेलेलं असतं. होतं ते शेतात. फवारणाऱ्याला होतं. वेचायला बाया येतात, उघड्या हातांनी बोंडं वेचतात, आणि त्याच हातांनी घरी जाऊन पोराला भरवतात. विहिरीत उतरतं ते. आम्ही फवारायचो त्या शेतांत ढेकूळ फोडलं तर गांडूळ मिळायचं नाही. पलीकडे एकाने सेंद्रिय धरलं होतं. तीन वर्षं जमिनीला विष दिलं नाही तेव्हा कुठे त्याला सेंद्रियचा कागद मिळाला. चौथ्या वर्षी त्याच्या बांधावर पाखरं एवढी, की आमचं बोलणं ऐकू येईना. फायदा विचारशील तर हा आहे. घालणाऱ्याचा कमी, पिकवणाऱ्याचा जास्त."

मी म्हटलं, "भावोजी, हे सगळं खरं असेल. पण आया स्वतःच्या बाळासाठी पैसे देतात, कुणाच्या गांडुळासाठी देत नाहीत. बाळाला काही होत नाही हे वाक्य गाळायचं."

"मग खोटं बोलू?"

"खोटं कुठे? फक्त तेवढं बोलायचं नाही."

ते भिंत धरून उठले. मग म्हणाले, "बरं." ताई दारात उभी होती. ती आत गेली. ताई हल्ली फारशी बोलतच नाही.

१२ फेब्रुवारी

काय चाललंय दुकान! चार दिवसांत महिन्याचा माल गेला.

काही सुधारणा केल्या. भावोजींची खुर्ची दाराशी घेतली, म्हणजे रस्त्यावरून ऐकू जातं. त्यांना सकाळी दाढी करू नका म्हटलं. आणि पाण्याचा तांब्या मागे नेऊन ठेवला. पाणी प्यायले की उबळ थांबते आणि गोष्ट अर्धवट राहते. ताई तीनदा तांब्या आणून ठेवायची आणि मी तीनदा उचलायची. शेवटी म्हटलं, "ताई, गिऱ्हाईक असताना मध्ये मध्ये येत जाऊ नकोस बाई."

त्यांच्या गोष्टीत सगळ्यात चालतं ते नोझलचं. फवारताना नळीच्या टोकाचं नोझल तुंबलं की हे लोक ते काढायचे, तोंडात धरायचे, ओढायचे आणि फुंकायचे! "रोज?" "रोज. दिवसातून दहादा. बांधावर सुई शोधत कोण बसणार?" हे ऐकलं की बायका तोंडावर हात घेतात. मी त्यांना सांगितलंय, हे सगळ्यात शेवटी सांगायचं, आणि मग लगेच बोलायचं थांबायचं.

१३ फेब्रुवारी

आमचे शिंपी मास्तर आज कातरता कातरता म्हणाले, "बाई, त्या माणसाला आराम द्या हो." मी म्हटलं, "तुम्ही काजं नीट करा आधी."

१६ फेब्रुवारी, रविवार

ताईने भावोजींना छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. मला न विचारता. पैसे कुठून आणले कोण जाणे. त्यांनी ओढायचं नवीन औषध दिलंय आणि सांगितलंय, की पंचवीस तारखेला ॲडमिट व्हा. आठ दिवस ठेवून घेणार, फुप्फुसं आतून तपासणार. वेळेवर झालं तर निम्मा श्वास तरी परत मिळेल म्हणे. ताई किती महिन्यांनी हसली! "छोटे, कोपऱ्यापर्यंत चालतील गं." मी पण हसले. मी काय दगड आहे?

१९ फेब्रुवारी

औषध लागू पडलंय. भावोजी आज दिवसभरात दोनदाच खोकले. तेही बारीक, "एक्सक्यूज मी" म्हणावं तसं. गाल जरा वर आलेत. एका बाईंनी तर विचारलं, "हे काका मालक का?"

विक्री चार झबली.

काय लिहू? बरं वाटलं. म्हणजे वाटायलाच हवं. पण खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहिते, मला राग आला. नेमका आत्ताच कसा गुण आला! शनिवारपासून प्रदर्शन आहे, दहा दिवसांचं, मोठ्या सभागृहात. माझा गाळा दाराजवळ आहे. आणि सव्वीस तारखेला त्या चष्मेवाल्या बाई येणार आहेत. एक चष्मा नाकावर, एक डोक्यावर. सात प्रसूतिगृहांची खरेदी त्यांच्या हातात आहे. त्यांनी हो म्हटलं तर सात प्रसूतिगृहांत जन्मणारं प्रत्येक बाळ पहिल्यांदा माझ्या दुपट्यात गुंडाळलं जाईल. जगात आलेल्या बाळाच्या अंगाला पहिला स्पर्श बिनविषारी! ह्याहून मोठं काम काय असतं? आणि त्या दिवशी भावोजी नळ्या लावून पलंगावर.

२० फेब्रुवारी

दवाखान्यात फोन केला. घरचंच माणूस बोलतंय म्हटलं, तारीख पुढे ढकला, घरात कार्य आहे. तिकडची मुलगी म्हणाली, "ढकलली तर मग सहा आठवड्यांनी मिळेल, चालेल का?" मी म्हटलं, चालेल.

बावीस वर्षं काढली, सहा आठवड्यांनी काय होतंय?

ताईला सांगितलं, डॉक्टरीणबाई अचानक रजेवर गेल्या, त्यांच्याकडून फोन आला होता. तिने फक्त एवढंच विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "म्हणजे? मी खोटं बोलतेय?" ती "तसं नाही गं" म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. ताईने मला वाढवलं, हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या कॉलेजची फी भावोजींच्या फवारणीतून गेली. एका हंगामात तर त्यांनी दोन माणसांचं काम अंगावर घेतलं होतं, हेही मला माहीत आहे. ताई ते कधी बोलून दाखवत नाही. एकदा बोलली असती तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. न बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

२१ फेब्रुवारी

भंगारवाल्याकडे जुना फवारणीचा पंप मिळाला! कल्पना माझीच. नुसतं बोलण्यापेक्षा करून दाखवायचं. आत साधं पाणी भरायचं, पाठीवर चढवायचा, गाळ्यापुढे दोन फेऱ्या.

पंप असा झकास आहे! पट्टे फाटलेले, टाकीवर पिवळट-हिरवे ओघळ वाळलेले. भंगारवाला म्हणाला, "चांगला धुऊन घ्या." मास्तर सोड्याचं पाणी घेऊन बसले होते, मी बादली उचलून ठेवली. अहो, ते ओघळ हीच तर त्याची शोभा आहे! धुतला तर नव्या पंपात आणि ह्यात फरक काय राहिला? मास्तर म्हणाले, "आतून तरी धुतो." मी म्हटलं, "आतलं पाणी बाहेर आलं की ओघळ जातील. राहू द्या. कोण पिणार आहे त्यातलं?"

२२ फेब्रुवारी, शनिवार

प्रदर्शन सुरू. गर्दी बऱ्यापैकी. पाय मोडून आलेत.

२४ फेब्रुवारी

भावोजींचा खोकला अजून कमीच. औषध ओढायची ती नळी त्यांच्या शर्टाच्या खिशात असते. खिशातून डोकावताना बरी दिसत नाही, म्हणून गाळ्यावर असेपर्यंत माझ्या पर्समध्ये ठेवते. "लागली की मागा" म्हटलंय. मागत नाहीत. भिडस्त आहेत.

२५ फेब्रुवारी

आज ते ॲडमिट झाले असते. सकाळी त्यांनीच काढलं. "छोटी, आज आमची तारीख होती ना गं." मी म्हटलं, "उद्याचा एक दिवस चांगला जाऊ द्या, मी स्वतः गाडी करून नेते तुम्हाला." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणी ठेवायचे तसा. मला कसंतरीच झालं. मग गिऱ्हाईक आलं.

२६ फेब्रुवारी

ऑर्डर मिळाली. सातही प्रसूतिगृहं.

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर डोक्यात गोंधळ होतो.

चष्मेवाल्या बाई अकराला आल्या, सोबत चौघी. मी कापड दाखवलं, शेतापासून शिवणापर्यंतचे कागद दाखवले, त्यांनी ते बाजूला ठेवले. कागद सगळ्यांकडेच असतात म्हणाल्या. मग मी भावोजींना खूण केली. ताई मागे घड्या घालत होती. तिला पंपाचं मी आधी बोलले नव्हते. भावोजींनी पंप चढवला. चढवताना जरा झुकले, पण पट्टा खांद्यावर बसला आणि माणूस बदललाच! ताठ उभे राहिले. एका हाताने दांडा, दुसऱ्या हाताने नळी. गर्दी जमली. बारीक तुषार उडाले, मुलं हसायला लागली.

चारपाच पावलांत पाणी थांबलं. नोझल तुंबलं.

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. मी काहीही सांगितलं नाही. म्हणजे मी एवढंच म्हटलं, "करा की, शेतात करायचात तसंच." कुणीही असंच म्हणालं असतं. त्यांनी नोझल फिरवून काढलं, तोंडात धरलं, ओढलं, थुंकले, फुंकलं. बायका ओरडल्या, "अगंबाई!" भावोजींनी नोझल परत बसवलं आणि पाणी सुरू झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग पुन्हा तुंबलं. पुन्हा ओढलं. आतला जुना थर सुटत होता, असं मास्तर नंतर म्हणाले.

मग त्यांना घाम फुटला. तोंडातून लाळ यायला लागली, डोळ्यांतून पाणी, आणि ते गुडघ्यांवर बसले. खोकला असा, की अख्खं सभागृह शांत झालं. मला खरंच वाटलं, आज भावोजींनी कमाल केली. लोकांनाही तेच वाटलं. दुसऱ्यांदा टाळ्या पडल्या त्या तेव्हा. चष्मेवाल्या बाईंनी नाकावरचा चष्मा काढून डोळे पुसले.

ताई सगळ्यांना ढकलत आली. पंपाचा पट्टा निघेना तर तिने दातांनी ओढला. "औषध कुठंय ह्यांचं?" म्हणून ओरडली. माझ्या पर्समध्ये होतं. पर्स कुठे ठेवली ते मला पटकन आठवेना. आठवलं, पण जरा उशीर झाला.

हे आणि मास्तर त्यांना गाडीतून घेऊन गेले. ताई गेली. मी थांबले, कारण बाई तेव्हाच म्हणाल्या, "मला आणखी काही बघायचं नाही, कागद आणा." मी गेले असते तरी काय केलं असतं? मी काय डॉक्टर आहे?

सही करताना नाव दोनदा चुकलं. आनंदानेच असेल.

२८ फेब्रुवारी

सकाळी भावोजी गेले.

डॉक्टर म्हणाले, छाती आधीच संपलेली होती. त्यांनी "आधीच" हा शब्द दोनदा वापरला. मी मुद्दाम लक्ष दिलं. पंपातल्या विषाचंही बोलले, पण छाती धड असती तर निभावलं असतं म्हणाले. म्हणजे मूळ कारण ती बावीस वर्षंच. मी सुरुवातीपासून तेच तर सांगतेय लोकांना.

मग छातीच्या डॉक्टरीणबाई आल्या. ताईला म्हणाल्या, "ह्यांची पंचवीसची तारीख होती ना? कार्य होतं म्हणून तुमच्याकडून फोन आला होता." ताई म्हणाली, "तुम्ही रजेवर होता ना?" "मी? मी तर इथेच होते."

ताईने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही फाडून खाणार. मी शब्द जुळवून ठेवले होते. पण ती पलंगाकडे वळली. भावोजींचा शर्ट घडी घालून पिशवीत ठेवला. बाह्या आत दुमडून, दुकानातल्यासारखी घडी.

मी खूप रडले. हे माझ्याजवळ बसले होते. म्हटलं, "तुम्हाला तरी वाटतं का माझी चूक आहे?" ते म्हणाले, "हं."

१ मार्च

दोन दिवस गाळा बंद ठेवला. एवढं तर करायलाच हवं होतं.

चष्मेवाल्या बाईंचं पत्र आलं. त्यांना काही कळलेलं नाही. दहा तारखेला पहिल्या प्रसूतिगृहात समारंभ आहे, सगळे मोठे लोक येणार. "त्या गृहस्थांना अवश्य आणावे. त्यांच्यामुळेच आमचा निर्णय झाला." आता कुणाला नेऊ? मास्तरांना खोकता येत नाही.

२ मार्च, रविवार

ताईला विचारलं. विचारायला जीभ रेटत नव्हती, पण दहा तारीख काही थांबत नाही. म्हटलं, "ताई, त्यांचं काम असं अर्धवट सोडायचं का आपण? तू त्यांची बायको. तुझ्याइतकं कुणाला सांगता येणार आहे? आधी उद्या प्रदर्शनात बोलून बघ, शेवटचा दिवस आहे. जमलं तर दहा तारखेला."

मला वाटलं, ती उठून निघून जाईल. ती तांदूळ निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली, "बोलेन."

"काय बोलायचं ते मी लिहून देऊ?"

"नको. मला माहीत आहे."

माझा जीव भांड्यात पडला. ताईचं मन मोठं आहे, हे मी कधी नाकारलं नाही.

३ मार्च, सोमवार

माल संपला. दुपारी तीनलाच. फळीवर एक टोपडं उरलं नाही. हे आधी लिहिते.

ताई सकाळी माझ्याआधी तयार होती. केस विंचरलेले, धुतलेली साडी. भावोजींच्या खुर्चीत बसली नाही, खुर्ची बाजूला सारून उभी राहिली. बायका जमल्या. ती ना रडली ना आवाज चढवला. घड्या घालत घालत बोलत होती, भाजी कशी करायची ते सांगावं तशी.

"माझा नवरा कापूस फवारायचा. बावीस वर्षं. गुरुवारी त्याला पोचवून आले, नाही, शुक्रवारी. दिवस चुकतात माझे." मग म्हणाली, "हे कापड घ्या. चांगलं आहे. तुमच्या बाळाला त्या दुसऱ्या कापडाने काही झालं नसतं, तो म्हणायचा. पण हा कापूस जिथे पिकला, तिथल्या बाईचा नवरा संध्याकाळी घरी येऊन धड जेवतो. रात्री कूस बदलताना त्याला उठून बसावं लागत नाही. बाईच्या हातांना विषाचा वास येत नाही. एवढ्यासाठी घ्या."

मी गाळायला सांगितलेलं वाक्य तिने पहिल्याच दमात सांगून टाकलं. आणि बायका घेत होत्या! दोन-दोन, चार-चार. मी नुसती पिशव्या भरत होते. मनात म्हटलं, दहा तारखेला असंच बोलली तर सात काय, सतरा प्रसूतिगृहं येतील.

मग एक म्हातारी म्हणाली, "शेवटी विषाने नेलं म्हणायचं."

ताई म्हणाली, "विषाने अर्धा नेला होता. अर्धा उरला होता माझ्याकडे. त्याला दवाखान्यात न्यायची तारीख ठरली होती. तो निम्मा बरा झाला असता. माझ्या बहिणीने ती तारीख बदलली आणि मला खोटं सांगितलं. त्याचा खोकला लागत होता तिला."

ताईने दुपट्याची घडी पुरी केली, वर दुसरं ठेवलं.

"त्याचं औषध तिने स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं. मग न धुतलेला पंप आणला. इथेच, तुम्ही उभ्या आहात तिथे, त्याने नोझल तोंडात धरलं. ती म्हणाली, करा. तो तिला कधी नाही म्हणायचा नाही. त्याने शिकवलं होतं तिला, फवारणीच्या पैशांत."

वाटलं, ओरडावं, की हे असं नाही, ह्याला दुसरी बाजू आहे. पण दुसरी बाजू कुठून सुरू करायची तेच सुचेना. हातातली पिशवी बांधत राहिले. गाठ बसत नव्हती.

एक गरोदर पोरगी होती समोर, सात-आठ महिन्यांची असेल. रडून नाक लाल झालेलं. ती ताईला म्हणाली, "कुठे असते हो ती बहीण? माणूस आहे का कोण आहे?" ताई घडी घालत राहिली. तेव्हा ती माझ्याकडे वळली. "तुम्ही ओळखता तिला?"

मी म्हटलं, "नाही हो. मी इथे कामाला आहे."

हे मी म्हटलं. माझ्याच गाळ्यात उभं राहून, माझ्याच तोंडाने. ताईने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मग ती त्या पोरीच्या दुपट्यांकडे बोट दाखवून मला म्हणाली, "बाई, ही दोन नीट बांधून द्या त्यांना. आणि दहा तारखेला लवकर या, तिथे गर्दी जास्त असेल."

मी बांधून दिली.